रुपराव गुरुजींचे बेकार विद्यार्थी

रुपराव गुरुजी आमच्या तंत्रशाळेत आले ते १९६६च्या जुलैत. मी तिथला एकुलता एक कारकून. रुजू होण्याचा फॉर्म मी त्यांच्यापुढे सरकवला, तर या गृहस्थांनी तो वाचण्याआधी त्याचा एक कोपरा दुमडला, मग दुसरा दुमडला, आणि बघता बघता माझ्या सरकारी फॉर्मची डबी करून टेबलावर ठेवली. माझं टाळकं सरकलं. म्हटलं, "गुरुजी, फॉर्म होय हा. दुसरा नाही माह्यापाशी." ते ओशाळले. डबी उलगडून तळहातानं घड्या मोडत म्हणाले, "हाताले सवय लागली जी. कागद दिसला का हात आपोआपच चालते." तो चुरगळलेला फॉर्म त्यांच्या फायलीत कायम पहिल्या पानावर राहिला आणि दर तपासणीला मला त्याचा खुलासा द्यावा लागला.

माणूस नरखेड तालुक्यातला. घरी संत्र्याची बाग होती, विहिरीवर मोटार होती, खाऊन-पिऊन सुखी घर. सगळं धाकट्या भावाच्या हवाली करून हे ड्रॉइंग शिकायला शहरात आले ते आलेच. मी एकदा विचारलं, बाग सोडून या टिनाच्या शेडात काय ठेवलंय? तर म्हणाले, "झाड वर्सातून दोनदा बहरते. माणसाच्या हाताले रोज काम पाह्यजे." अशी वाक्यं ते सहज बोलून जात आणि मी सहज विसरून जात असे. हे एक राहिलं ते पुढं जे झालं त्यामुळे.

शाळा नागपुरात, इतवारीच्या मागच्या अंगाला. तीन खोल्या आणि एक शेड. दिवसा फिटर आणि वेल्डरचे वर्ग चालत आणि संध्याकाळी सहा ते साडेआठ गुरुजींचा वर्ग. पाटीवर नाव होतं 'औद्योगिक आराखडा वर्ग'. वस्तीतले लोक त्याला 'कागदाचा क्लास' म्हणत आणि हसत. तिथं येणारे म्हणजे बालट्या, धान्याच्या कोठ्या, लग्नातल्या पेट्या ठोकणाऱ्या दुकानांत दिवसभर राबलेले तरणे कारागीर. बाकावर बसले की अर्ध्यांना झोप लागायची. मी हजेरी घ्यायला जायचो तेव्हा 'हजर'च्या ऐवजी घोरणं ऐकू यायचं.

त्या धंद्याची एक रीत होती. प्रत्येक उस्तादापाशी फर्मे असत. फर्मा म्हणजे पत्र्याचा कापून ठेवलेला नमुना. तो कोऱ्या पत्र्यावर ठेवायचा, कडेनं खिळ्यानं रेघ ओढायची आणि कातर चालवायची. बालटीचा फर्मा, कोठीचा फर्मा, नरसाळ्याचा फर्मा. संध्याकाळ झाली की उस्ताद सगळे फर्मे पेटीत घालणार, पेटीला कुलूप, किल्ली कमरेला. कारागीर वीस वर्षं कोठ्या ठोकेल, पण फर्मा काढणं त्याला कोणी शिकवायचं नाही. म्हणजे जन्मभर त्यानं दुसऱ्याच्या दुकानात ठोकायचं. उस्ताद मेला की पेटी मुलाकडे आणि मुलगा नसला तर जावयाकडे.

गुरुजींनी ही पेटी रद्दीच्या कागदानं फोडली. पहिले सहा महिने ते पत्र्याला हात लावू देत नसत. "आधी कागद, मंग पत्रा. कागद चुकला तं रद्दीत जाते. पत्रा चुकला तं मालक शिव्या देते." एखादी वस्तू समोर ठेवायची. ती मनातल्या मनात उलगडून सपाट करायची, कागदावर मांडायची, कापायची, दुमडायची. जुळली नाही तर का जुळली नाही ते ज्याचं त्यानं सांगायचं. गुरुजी उत्तर द्यायचे नाहीत. नुसते बघत उभे राहायचे, आणि ते बघणं फार अवघड असायचं. पहिल्या वर्षी निम्मे पळाले. उरले त्यांना वर्षाअखेर कशाचाही फर्मा स्वतः काढता येत होता. एक उस्ताद फाटकाशी येऊन तासभर शिव्या देऊन गेला. गुरुजींनी त्याच्यासाठी खुर्ची मागवली आणि म्हणाले, "या ना जी आत, तुमीबी शिकवा." तो खुर्चीलाच एक लाथ मारून गेला. दुरुस्तीचा खर्च कुठल्या खाती टाकायचा यावर मी आठवडा घालवला.

पळाले नाहीत आणि वर्ष संपलं तरी येतच राहिले, त्यांच्यातला एक कवडू. बाप दारोदार फिरून फुटक्या बालट्यांना बूड बसवायचा. कवडू नववीपर्यंत शिकला होता, बोलायचा कमी, आणि कागद कापताना जीभ दातांत धरायचा. गुरुजींचा त्याच्यावर जीव होता. तसं ते कधी म्हणाले नाहीत, पण कवडू गैरहजर असला की त्या दिवशी वर्ग लवकर सुटायचा.

सत्तरच्या आसपास नागपुरात कूलर दिसू लागले. त्याआधी ज्याची ऐपत तो दाराला खसाच्या टट्ट्या, म्हणजे वाळ्याचे पडदे, लावायचा आणि दुपारभर त्यावर पाणी मारायला घरातलं कोणीतरी राबायचं. मग कोणीतरी दिल्लीहून पंख्याचा कूलर आणला, आमच्या भागातल्या दुकानांनी तो उघडून पाहिला आणि नकला सुरू झाल्या. पण टाकी चार तुकडे जोडून केलेली. सांध्यांत कथिल भरलेलं. एका उन्हाळ्यात सांधे सुटायचे आणि दुसऱ्या मे महिन्यात खालच्या बिऱ्हाडाच्या डोक्यावर पाणी. त्यावरून झालेली भांडणं मी स्वतः सोडवली आहेत. गुरुजींनी वर्गापुढे प्रश्न ठेवला, न गळणारी टाकी करा. सबंध हिवाळा वर्गानं वर्तमानपत्रांच्या टाक्या केल्या. शेडात पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटी निघाली ती एकाच पत्र्याची टाकी. कोपरे कापायचेच नाहीत, आतल्या आत दुमडून वर घ्यायचे. सांधाच नाही तर गळणार कुठून? बाजूच्या जाळीच्या पट्ट्याही त्यांनी आत उतरत्या केल्या, म्हणजे टट्टीवरून निथळलेलं पाणी बाहेर न सांडता परत टाकीत येईल.

कवडूनं त्र्याहत्तर साली जरीपटक्याच्या बाजाराच्या टोकाला दुकान घातलं. त्याच्या मागोमाग दुसरा, तिसरा. पाच-सात वर्षांत अशी स्थिती झाली की होळीच्या आधी महिनाभर नागपुरात कुठंही जा, पत्र्यावर मोगरीची ठणठण ऐकू यायची. कामठीकडचे, नरखेडकडचे लोक एसटीच्या टपावर कूलर टाकून न्यायचे. या सगळ्यातले निम्मेशिम्मे आमच्या वर्गातले होते. मला त्याचा अभिमान वाटायचा हे मी कबूल करतो. मी त्यांची फक्त हजेरी मांडली होती, तरी वाटायचा.

आणि मग १९८०च्या फेब्रुवारीत वरच्या ऑफिसातून पत्र आलं. सायंकाळच्या वर्गांतून बाहेर पडलेल्यांपैकी किती जणांना काम मिळालं त्याचा आकडा एकतीस मार्चच्या आत कळवावा. आकडा निम्म्यापेक्षा कमी असल्यास पुढच्या वर्षीपासून वर्गाचं अनुदान बंद.

मी पत्र गुरुजींना वाचून दाखवलं. ते त्या दिवशी खुशीत होते. त्यांची मुलगी प्रेमलता जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागली होती आणि ते सगळ्यांना पेढे वाटत होते. माझ्या हातावर दोन ठेवून म्हणाले, "निम्मे? मारोतराव, सव्वाशे जन शिकून गेले आपल्याकडून. शंभरावर तं धंद्यात आहेत. निम्म्याची गोठ कायले करतेत हे लोक?" मी म्हटलं, लेखी लागेल. प्रत्येकाच्या सहीचं. ते म्हणाले, देतील की.

मी एकशे अठरा जबाबी पोस्टकार्डं पाठवली. ज्याला उत्तराचं कार्ड जोडलेलं असतं ती. मजकूर मी स्वतः लिहिला आणि नीट लिहिला, कारण सरकारी भाषेला लोक घाबरतात हे मला माहीत होतं. 'आपण सध्या काय काम करता? स्वतःचा धंदा असल्यास तसे अवश्य लिहावे. हाताखाली किती माणसे आहेत तेही लिहावे.' याहून सोपं मला लिहिता आलं नसतं.

पंधरा दिवसांत एक्याण्णव उत्तरं आली. पहिलं मी पाकीट फोडावं तशा उत्साहानं वाचलं. 'स.न.वि.वि. सध्या बेकार आहे. कृपादृष्टी असावी.' दुसरं, 'घरी बसून आहे.' तिसरं, 'काही काम नाही.' चौथ्यावर पत्त्याच्या जागी 'जय दुर्गा कूलर वर्क्स, मालक' असा जांभळा शिक्का ठळक उमटवलेला आणि खाली सुवाच्य अक्षरात 'बेकार'. एका कार्डावर ॲसिडाचा डाग पडून भोक झालेलं होतं. भोकाच्या बाजूला लिहिलेलं होतं, 'कामाच्या शोधात आहे'. मी हसायला लागलो आणि हसता हसता मला भीती वाटली. एक्याण्णवांपैकी पाचच जणांनी काम असल्याचं लिहिलं होतं. दोन एसटीत, दोन गिरणीत, एक कुठंसा चपराशी. बाकी सगळे बेकार. आणि कवडूसुद्धा. त्याचं अक्षर मी ओळखलं.

गुरुजींनी सगळी कार्डं वाचली. मग पुन्हा वाचली. त्यांना वाटलं मीच काहीतरी उलटसुलट विचारलं असणार. माझ्यावर ते आयुष्यात एकदाच चिडले ते तेव्हा. "काय लिवलं होतं तुमी? दाखवा मले!" मी मजकूर दाखवला. त्यांनी तो ओळीवर बोट ठेवून वाचला आणि म्हणाले, "वर्ग गेला तं मी स्टोअरात पाने-पकडी मोजीन. रिटायर व्हाले तीन वर्सं राहिले माहे, त्याचं काही नाही. पन हे चोवीस जन यंदा शिकून राहिले. हे पुन्हा त्या पेटीपाशी जातीन."

आम्ही वरच्या ऑफिसात गेलो. साहेब सज्जन होता, हे सांगायला हवं, कारण अशा गोष्टींत साहेबाला खलनायक करायची सवय असते. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "स्वतःचं दुकान असेल तर ते काम धरू आपण, त्यात अडचण नाही. पण त्यांनी स्वतः लिहून दिलं पाहिजे. त्यांच्याच अक्षरात बेकार आहे म्हटल्यावर मी काय करणार?" बिनतोड बोलला. तो बोलत होता आणि आमचे गुरुजी खिडकीतल्या कूलरकडे बघत होते. बाहेर पडल्यावर मला वाटलं, ते वर्गाबद्दल काही बोलतील. ते म्हणाले, "जाळी उलटी बसवून देल्ली यायले. पानी सारं भिंतीत जाऊन राहिलं." माझा जीव टांगणीला लागलेला आणि या माणसाला भिंतीची काळजी.

मग आम्ही सायकली काढल्या. मार्चचा शेवटचा पंधरवडा, शाळेतून दुपारी निघायचो ते सहाच्या वर्गाला परत. इतवारी, गांधीबाग, सदर, पाचपावली. कुठंही गेलो की काम थांबायचं, स्टूल पुसलं जायचं, चहा यायचा, कोणी गुरुजींच्या पायाला हात लावायचं. चारी बाजूंनी उभे केलेले कूलर, मध्ये बसलेले आम्ही, आणि मी पुढं केलेला कागद. 'माझा स्वतःचा धंदा आहे' एवढं एक वाक्य आणि खाली सही. ते वाक्य वाचलं की चेहरा बदलायचा. "पाहू गुरुजी." "भावाले इचारतो." "उद्या शाळेतच आनून देतो." एकानं तर चार माणसं पत्रा ठोकत असताना, कानात बोट घालून मला सांगितलं, "कायचा धंदा जी, बसून राहिलो घरीच." दृष्ट लागेल म्हणून आपल्या इकडची माणसं बरं चाललंय असं कबूल करत नाहीत, हे मला माहीत होतं. माझा बापही शंभर पोती कापूस निघाला तरी 'यंदा काही खरं नाही' म्हणायचा. पण हे नुसतं तेवढं नव्हतं. सगळे काहीतरी एकच लपवत होते.

दहा दिवसांत एकही सही मिळाली नाही. उन्हानं गुरुजींचे ओठ फुटले होते. मी म्हटलं, आता कवडूकडं चला. सगळे त्याच्याकडं बघतात. त्यानं सही केली तर बाकीचे करतील. गुरुजी त्याच्याकडं जायचं टाळत होते. ते कार्ड त्यांना फार लागलं होतं.

कवडूचं दुकान आता दुहेरी झालं होतं. सात माणसं कामाला होती. आम्हाला पाहून तो उठला, सगळ्यांना जेवायला पाठवून दिलं आणि शटर अर्धं ओढलं. मी कागद पुढं केला. त्यानं तो वाचला, खाली ठेवला, आणि गल्ल्याच्या खणातून पिवळं पडलेलं एक कार्ड काढून गुरुजींच्या हातात दिलं. सरकारी नोकरीसाठी नाव नोंदवल्याचं, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड. नोंदणी १९६७. मागं तारखांमागून तारखा. एकही नूतनीकरण चुकलेलं नव्हतं.

"तेरा वर्स झाले गुरुजी," कवडू म्हणाला. "यंदा नाही तं पुढच्या साली नंबर लागते म्हनतेत. मंग ओव्हरएज होतो. आता मी धंदा आहे म्हनून लिवून देल्लं, तं माहं नाव कटन. साऱ्यायचंच कटन. साऱ्यायपाशी कार्ड आहेत."

मी कपाळावर हात मारला. एका ऑफिसातल्या टेबलाला शेजारच्या टेबलावरचं ठाऊक नसतं, हे माझ्यासारख्या कारकुनाला विचारा. आणि ही माणसं समजत होती की सरकार म्हणजे एकच माणूस आहे आणि त्याला सगळं ऐकू जातं. मी त्याला जीव तोडून सांगितलं की कवडू, या कागदाचा आणि त्या कार्डाचा काही संबंध नाही. तो ऐकत होता, पण त्याला पटत नव्हतं. तेरा वर्षं जपलेली वस्तू माझ्या शब्दावर पणाला लावायला तो तयार नव्हता.

गुरुजींनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "कायची जागा आहे?"

"शिपायाची."

"सात मानसं तुह्या हाताखाली, कवडू. त्यायचे बायकापोरं तुह्या कूलरवर जेवतेत. अन् तू शिपाई होशीन?"

"होईन गुरुजी."

"अन् दुकान?"

"लहाना भाऊ पाहीन. नाही तं बंद." कवडूनं हे अगदी सहज सांगितलं. "उन्हाळा चार महिन्याचा राह्यते गुरुजी. चार महिने मरमर करा, मंग आठ महिने कोठ्या अन् बालट्या. आता तं दर गल्लीत एक कूलरवाला झाला. आमी सारे एकाच क्लासातले, एकच टाकी, एकच जाळी. एकामेकाचेच भाव पाडून राहिलो. शिपायाले बारा महिने पगार आहे. मागं पेन्शन आहे. माह्या सोयरिकीच्या वक्ताले तीन जागी नकार आला. पोरगा काय करते म्हनून विचारलं, अन् कूलर बनवते म्हटलं, का पाहुने चहा तसाच ठेवून उठले."

मला वाटलं झालं, आता उठावं. पण कवडू अजून काहीतरी बोलायचं म्हणून चुळबुळ करत होता.

"एक इचारू का गुरुजी? रागावसान नाही ना?"

"बोल गा."

"बाहात्तरच्या हिवाळ्यात तुमाले टायफाइड झाला होता. क्लास बंद पडू नये म्हनून आमी तुमच्या आंगनात येत होतो. तुमी आत खाटेवर. टाकीचा कोपरा आमाले बसत नव्हता. तवा प्रेमलताबाई बाहेर आल्या, पेपर घेतला अन् दोन घड्यात कोपरा बसवून देल्ला. ते टाकी आमची नाही, त्यायची होय. आमाले सारं आठोते. त्यायचा हात आमच्या साऱ्यायपेक्षा सरस होता. त्यायले तुमी क्लासात काहून नाही बसवलं? त्यायले दुकान काहून नाही काढून देल्लं?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, उत्तर देता आलं असतं. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मला ही कोपऱ्याची गोष्ट तोवर ठाऊक नव्हती. मी गुरुजींकडं पाहिलं. त्यांनी कार्ड कवडूच्या हातात परत दिलं, त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, "सांभाळून ठेव. तारीख नको चुकवू."

परतताना ते सायकलवर बसलेच नाहीत. हातात धरून चालत राहिले. ऊन मी म्हणत होतं. मी दोनदा म्हटलं, गुरुजी, बसा सायकलवर. त्यांनी ऐकलं नाही. मग मीही उतरलो.

एकतीस मार्चला सकाळी मी फॉर्म घेऊन त्यांच्यापाशी गेलो. मी ठरवून गेलो होतो. म्हटलं, "गुरुजी, मी शंभर लिहितो. कार्डं गहाळ झाले म्हनून शेरा मारतो. पंचवीस वर्सं झाले मले या खुर्चीत, कोनता आकडा कसा उभा करायचा ते मले येते. कोनी मोजाले येत नाही." मी जन्मात पहिल्यांदा खोटा आकडा लिहायला निघालो होतो आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. कारण शंभर हाच खरा आकडा होता. सगळ्या नागपुरात तो ठणठणत होता.

त्यांनी फॉर्म माझ्या हातातून काढून घेतला. खिशातून पेन्सिल काढली, मग ती परत ठेवून माझं पेन मागितलं. आणि माझ्यासमोर रकान्यात लिहिलं, पाच. अंकी आणि अक्षरी.

मी चिडलो. फार चिडलो. म्हटलं, "काय करून राहिले तुमी? चोवीस जन बसले आहेत त्या शेडात! त्यायचं काय?"

"मले माहीत आहे."

"मंग?"

"त्या पोरायनं खोटं नाही लिवलं, मारोतराव." ते अक्षरी पाचावरची शाई वाळायची वाट बघत होते. "म्या त्यायले काम देल्लं. पक्की नोकरी माह्या पोरीसाठी ठेवली. ज्यानं स्वतःच्या लेकराले तो पत्रा हाती घेऊ देल्ला नाही, त्यानं दुसऱ्याच्या लेकराले कोन्या तोंडानं म्हनावं, का लिव बाबा, हेच माहं काम होय?"

मी माझ्या दोन्ही मुलांना बँकेच्या परीक्षांना बसवलं होतं. मी खुर्चीत बसलो, शिक्का काढला आणि त्यांच्या पाचाखाली मारला. वर्ग जूनपासून बंद होणार हे त्या शिक्क्यानं ठरलं. शेडात त्या दिवशी संध्याकाळी नेहमीसारखा वर्ग भरला आणि त्या चोवीस जणांना ते सांगायचं काम गुरुजींनी स्वतःकडं घेतलं.

फॉर्म पाकिटात घालताना मी विचारलं, प्रेमलताला हे सगळं कळलंय का. विचारायला नको होतं. गुरुजी दारात थांबले होते. म्हणाले, "शनवारी येते ते घरी." चपला घालता घालता पुढं म्हणाले, "क्लासात बसू द्या म्हनून तिनं एकदाच म्हटलं होतं. मी नाही म्हटलं, अन् तिनं पुन्हा इचारलं नाही. मले वाटलं, तिलेबी नोकरीच पाह्यजे असन."